जालीम औषध
(एका माजी विद्यार्थ्याकडून)

मनुष्याला रोगाची जितकी भीति वाटते तितकी औषधाची वाटत नाहीं. रोग हा शत्रु आणि औषध हा मित्र, अशी खूणगांठ आपण लहानपणींच मनाशीं बांधलेली असते. आणि मित्र जितका बलवान् तितका बरा, असेंही आपणांस वाटतें. त्यामुळें घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे शेजारीपाजारी जें औषध सुचवितात तें बहुधा सौम्य नसतें. "एका पुडींत उतार पडेल", "एका फवाऱ्यांत सगळें साफ होईल", असल्या शब्दांना एक विलक्षण मोहिनी असते. या मोहिनीला मी एकदां जवळजवळ बळी पडलों होतों. रोगी कोणी मनुष्य नव्हता, आमच्या घरचा संगणक होता. परंतु पणाला लागलें होतें तें माझ्या आईचें सहा वर्षांचें काम. ती हकीकत शाळेच्या या वार्षिकांत सांगावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें, कारण तिचा शेवट बदलला तो याच शाळेच्या एका शिक्षकांनीं.

ही गोष्ट २०१० सालच्या दिवाळीच्या सुट्टींतील आहे. मी तेव्हां दहावींत होतों. आमचें घर सोलापुरास. वडील एका सहकारी बँकेंत नोकरीस होते आणि आई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत शिक्षिका होती. बदलीच्या नोकरीमुळें मोहोळ, माढा व बार्शी या तालुक्यांतील पुष्कळ खेडीं तिच्या परिचयाचीं झालीं होतीं. ज्या गांवीं ती जाई तेथें शाळा सुटल्यावर एखाद्या वृद्ध बाईच्या ओसरीवर बसून जात्यावरच्या ओव्या उतरून घेण्याचा तिला नाद होता. गांवोगांव पिठाच्या गिरण्या झाल्या, घरोघरचीं जातीं भिंतीला टेकून बसलीं, आणि आईकडून लेकीकडे आलेल्या त्या ओव्या म्हाताऱ्या बायकांच्या ओठांवरच काय त्या उरल्या. आईनें अशा सव्वादोन हजार ओव्या जमविल्या होत्या. प्रत्येक ओवीखालीं गाणारणीचें नांव, गांव आणि तारीख लिहिण्याची तिची शिस्त असे. त्यांतल्या कित्येक गाणारणी पुढें वारल्या. म्हणजे ती ओवी पुन्हां विचारावयास जावें असें ठिकाणच राहिलें नव्हतें.

या ओव्या प्रथम नऊ वह्यांत होत्या. २००८ च्या पावसाळ्यांत आमच्या भिंतींतल्या कपाटाला वाळवी लागली. वडिलांनीं मोठ्या तत्परतेनें वाळवीचें जालीम औषध आणलें, पाण्यांत कालविलें आणि पंपानें सगळें कपाट न्हाऊं घातलें. वाळवी मेली यांत शंका नाहीं; परंतु आईच्या फौंटनपेनची शाईही त्याच पाण्याबरोबर खालीं वाहून आली. वह्या उन्हांत वाळत घातल्या तेव्हां त्यांपैकीं पांच वह्यांचीं पानें नुसतीं निळीं झालेलीं दिसलीं. आई त्या दिवशीं वडिलांना एक शब्दही बोलली नाहीं. सुदैव इतकेंच कीं, २००४ पासून ती रोज रात्रीं थोड्या थोड्या ओव्या संगणकांत उतरवीत असे, आणि वाहून गेलेल्या वह्या त्यापूर्वींच उतरून झाल्या होत्या. तेव्हांपासून संगणकांतली प्रत हीच बहुतेक ओव्यांची एकुलती एक प्रत राहिली. तिची दुसरी प्रत करून ठेवावी हें आम्हां तिघांपैकीं कोणालाही सुचलें नाहीं, ही गोष्ट आज आठवली म्हणजे स्वतःचेंच नवल वाटतें.

लक्ष्मीपूजन झाल्यावर दोन दिवसांनीं माझा मामेभाऊ आपल्या बहिणीच्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन आला. आमच्या संगणकावर विंडोज एक्स-पी होतें. त्या काळीं अशा संगणकांत पेन ड्राइव्ह खोंवला कीं त्यावरची एखादी आज्ञावली, घरच्या माणसानें बोलावल्यावांचून, आपली आपण चालूं होण्याची सोय असे. मायक्रोसॉफ्टनें एक्स-पीचें हें दार बंद करणारी दुरुस्ती सर्वत्र धाडली ती पुढील वर्षीं, म्हणजे २०११ च्या फेब्रुवारींत. आमच्याकडे मात्र दार उघडें होतें, आणि लग्नाच्या फोटोंबरोबर एक किडा घरांत शिरला.

अशा उपद्रवी आज्ञावलींचा इतिहास बालवाचकांस गमतीचा वाटेल. १९८२ सालीं अमेरिकेंतील रिचर्ड स्क्रेंटा नांवाच्या पंधरा वर्षांच्या एका शाळकरी मुलानें मित्रांची थट्टा करावी म्हणून 'एल्क क्लोनर' नांवाची आज्ञावली लिहिली. ती ऍपल-२ या संगणकाच्या फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आपली आपण उतरत असे आणि मधून मधून पडद्यावर एक कविता दाखवीत असे. १९८६ सालीं लाहोरच्या दोन भावांची 'ब्रेन' ही आज्ञावली फ्लॉपींवरूनच देशोदेशीं फिरून आली. आरंभीं थट्टेनें सुरू झालेला हा प्रकार पुढें चोरांच्या व खंडणीखोरांच्या हातीं गेला. दुसऱ्या आज्ञावलीला चिकटून जगणारा तो व्हायरस, आणि स्वतःच्या पायांनीं एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाणारा तो किडा, असा त्यांत भेद करितात. परंतु ज्याचें घर पोखरलें जातें त्याला या भेदाचें फारसें सुख नसतें.

दुसऱ्या दिवशीं आई नेहमीप्रमाणें ओव्या लिहावयास बसली. संगणक बैलगाडीच्या चालीनें चालूं लागला होता. तिनें 'ओव्या' या नांवाचा कप्पा उघडण्यासाठीं दोनदां टिचकी मारली. कांहीं झालें नाहीं. मी जाऊन पाहिलें. कप्प्याचें पिवळें चित्र जागेवर होतें, परंतु तें चित्र हा केवळ मुखवटा होता. त्यामागें कप्पा नसून एक आज्ञावली बसलेली होती. प्रत्येक टिचकीबरोबर आम्ही आपल्याच हातांनीं तिला पुन्हां पुन्हां चालवीत होतों. खरा कप्पा कोठेंच दिसेना. अँटीव्हायरस उघडावें तर त्याची खिडकी क्षणांत मिटून जाई. काय काय चालूं आहे हें दाखविणारा टास्क मॅनेजरही बंद करून ठेवलेला होता. आई खुर्चीवरून उठली आणि स्वयंपाकघरांत गेली. भांड्यांचा आवाज नेहमींपेक्षां जास्त येत होता.

सायंकाळीं वडील व मी संगणकाची पेटी रिक्शांत घालून स्टँडजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानांत गेलों. दुकानदारानें दहा मिनिटें पाहिलें आणि तो म्हणाला, "काका, यांत ठेवण्यासारखें कांहीं दिसतच नाहीं. फॉर्मॅट मारूं या. तीनशे रुपये. तासाभरांत मशीन कोरें करून देतों." वडिलांनीं माझ्याकडे पाहिलें. आईला विचारल्यावांचून नको, एवढें म्हणण्याइतकी बुद्धि मला त्या वेळीं झाली. पेटी परत घरीं आली.

त्या रात्रीं आमच्या गल्लींतला एक मित्र एक साधन घेऊन आला. संगणकाच्या बाबतींत तो आमच्या टोळीचा पुढारी होता, आणि त्याच्या खालोखाल माझा मान होता. तो म्हणाला, "अरे, याच्यापुढें कुठलाही व्हायरस टिकत नाहीं. आई उठायच्या आंत सगळें साफ करून ठेव."

हीं जालीम साधनें म्हणजे काय, हें येथें थोडें सांगितलें पाहिजे. नेहमींचें अँटीव्हायरस हें दारावरच्या पहारेकऱ्यासारखें असतें. त्याच्याजवळ गुन्हेगारांची यादी असते, तींत बसणारा कोणी दिसला तर तें त्याला अडवितें, आणि शंका असेल तर मालकाला विचारतें. जालीम साधन हें धाड घालणाऱ्या पथकासारखें असतें. तें चालूं असलेल्या आज्ञावली थांबवितें, बाहेरच्या जाळ्याशीं असलेला संबंध तोडतें, विंडोजच्या मूळ नोंदवहींत, म्हणजे रजिस्ट्रींत, हात घालून ओळी बदलतें, संशयित फाइली उचलून नेतें, आणि हें सर्व बहुधा मालकाला न विचारतां करतें. त्या काळीं कॉम्बोफिक्स हें अशा साधनांतलें गाजलेलें नांव होतें. तें चालविण्यापूर्वीं पहारेकऱ्याला, म्हणजे अँटीव्हायरसला, झोंपवावें लागे. चालूं असतांना त्याच्या खिडकीला हात लावावयाचा नसे. आणि काम संपल्यावर तें केलेल्या कामाचा लांबलचक लेखी अहवाल ठेवीत असे. जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून तें वापरूं नये, असा इशारा त्याच्याबरोबरच दिलेला असे. माझ्या मित्राचें साधन नांवानें निराळें, पण जातीनें तेंच होतें.

रात्रीं साडेअकराच्या सुमारास घर निजलें तेव्हां मी संगणकासमोर बसलों. साधनावर टिचकी मारली. पडद्यावर एक इंग्रजी मजकुराची चौकट आली. खालीं 'होय' व 'नाहीं' अशीं दोन बटणें होतीं. अशा चौकटी मीं तोंपर्यंत शेंकडों वेळां पाहिल्या असतील, आणि एकही वाचली नसेल. त्या रात्रीं, कां कोण जाणे, मीं ती वाचली. तींत लिहिलें होतें कीं, या साधनानें संगणक चालूं होईनासा होण्याचा किंवा माहिती नष्ट होण्याचा संभव आहे, जबाबदारी सर्वस्वीं वापरणाराची, आणि जाणकार जवळ नसेल तर पुढें जाऊं नये. मी जाणकार होतों काय? गल्लींत होतों. परंतु तें साधन नेमकें काय करणार, तें काय उचलणार आणि उचललेलें कोठें ठेवणार, यांतलें मला कांहीं ठाऊक नव्हतें. डोळ्यांपुढें उन्हांत वाळत घातलेलीं तीं निळीं पानें आलीं. मीं 'नाहीं' दाबलें आणि संगणक बंद केला.

वाचकांस वाटेल कीं, मला त्या वेळीं आपल्या शहाणपणाचें समाधान वाटलें असेल. तसें मुळींच झालें नाहीं. मला लाज वाटली. मित्र उद्यां विचारील तेव्हां काय सांगावें, भ्यालों असें सांगावें काय, याच विचारांत झोंप लागली नाहीं. शूराचें काम वार करण्याचें, आणि थांबणारा तो भित्रा, अशीच त्या वयांत माझी समजूत होती.

सकाळीं उठून मी आमच्या शाळेच्या संगणक-शिक्षकांकडे गेलों. सुट्टी असूनही त्यांनीं मला ओसरीवर बसविलें आणि सर्व हकीकत मधें एकही प्रश्न न विचारतां ऐकून घेतली. शेवटीं मी म्हणालों, "सर, मला भीति वाटली."

"भीति वाटली हें ठीक," सर म्हणाले. "पण नेमकी कशाची वाटली?"

मला उत्तर देतां येईना.

"मग घरीं जा आणि आईजवळ बैस. संगणकांत काय काय आहे, त्यांतलें काय गेलें तर पुन्हां मिळेल आणि काय गेलें तर मिळणार नाहीं, याची यादी कर. तोंपर्यंत संगणकाला हात लावूं नकोस, आणि टेलिफोनची तार काढून ठेव. उद्यां सकाळीं मी येतों."

मला वाटलें होतें कीं, सर मला दुसरें एखादें अधिक जालीम साधन देतील. यादी करावयास सांगितल्यामुळें मी थोडा खट्टू झालों. तरीपण कागद घेऊन आईजवळ बसलों. कागदाच्या मधोमध रेघ मारून एका अंगाला 'मिळेल' आणि दुसऱ्या अंगाला 'मिळणार नाहीं' असें लिहिलें. विंडोज पुन्हां मिळेल, खेळ मिळतील, गाणीं मिळतील, लग्नाचे फोटो मामाकडे आहेत. पहिलें अंग भराभर भरत गेलें. दुसऱ्या अंगाला तीनच ओळी आल्या: ओव्या, गाणारणींचे फोटो, आणि आजोबांच्या आवाजाचें एक ध्वनिमुद्रण.

परंतु त्या तीन ओळी लिहावयास आम्हांला दुपार झाली. 'ओव्या' एवढा शब्द लिहून मी पुढें जात होतों, तों आई म्हणाली, "अशा नुसत्या ओव्या लिहूं नकोस. गांवें लिही." मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलों. कोणत्या गांवच्या कोणत्या आजी, कोणाला भावाच्या ओव्या येत, कोणाला पंढरीच्या वाटेच्या. कोण गातांना रडे, आणि कोण आधीं जात्याला हळदकुंकू लावल्यावांचून तोंडच उघडीत नसे. माढा तालुक्यांतल्या एका आजींचा उभ्या आयुष्यांत एकच फोटो निघाला होता, आणि तो आईनें काढला होता. त्या गेल्यावर त्यांचा मुलगा तीस मैलांवरून तो फोटो मागावयास आला होता. सहा वर्षें आई त्या खुर्चीवर बसून रोज रात्रीं काय लिहीत होती, हें मला त्या दुपारीं प्रथम कळलें. तोंपर्यंत मीं त्यांतली एकही ओवी वाचलेली नव्हती. आईचें लिहिणें संपून खेळावयास संगणक केव्हां मोकळा होतो, एवढीच मला फिकीर असे.

यादी संपल्यावर आईनें मला एकच प्रश्न विचारला. "तूं रात्रीं तें साधन चालविलें असतेंस, आणि त्यांत माढ्याच्या आजींची एक जरी ओवी गेली असती, तर ती मागायला मी कोणाकडे गेलें असतें?" तिच्या आवाजांत राग नव्हता. राग असता तर बरें झालें असतें.

दुसऱ्या दिवशीं सर आले ते एक कोरा पेन ड्राइव्ह आणि एक चकती घेऊन. चकतीवर उबुंटू या नांवाची लिनक्स प्रणाली होती. त्या काळीं मागणी केली असतां ही चकती टपालानें घरपोंच फुकट येत असे. ती सोय २०११ सालीं बंद झाली. सरांनीं संगणक आमच्या विंडोजवरून सुरू न करतां त्या चकतीवरून सुरू केला. किडा विंडोजसाठीं लिहिलेला होता. विंडोज जागें झालेंच नाहीं, तेव्हां किडाही जागा झाला नाहीं. झोंपलेल्या घरांत दिवा घेऊन फिरावें तसे सर एकेक कप्पा उघडीत गेले, आणि एका ठिकाणीं थांबले. 'ओव्या'. खरा कप्पा होता तेथेंच होता! किड्यानें तो पुसला नव्हता. त्यावर 'लपविलेला' अशी एक खूण केली होती, आणि ती खूण काढतां येऊं नये अशी विंडोजमध्यें व्यवस्था केली होती. लिनक्सनें त्या खुणेला जुमानलें नाहीं. ज्या पेटींत दुकानदाराला ठेवण्यासारखें कांहींच दिसलें नव्हतें, त्याच पेटींत सव्वादोन हजार ओव्या जशाच्या तशा होत्या.

आईनें पहिली फाइल उघडावयास सांगितली, आणि तिचा चेहरा पुन्हां उतरला. पडद्यावर मराठी अक्षर एकही नव्हतें. इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळ होता. सर हंसून म्हणाले, "घाबरूं नका, ताई. हें तुमच्या टंकाचें काम आहे." त्या काळीं आमच्यासारख्या पुष्कळ घरीं युनिकोड रुळलें नव्हतें. जुन्या पद्धतींत संगणकाच्या लेखीं अक्षर इंग्रजीच असे. विशिष्ट टंक, म्हणजे फाँट, त्यावर मराठी अक्षराचें चित्र चढवीत असे. टंक नसेल तर ओवी असून नसल्यासारखी. सरांनीं विंडोजच्या कप्प्यांतून तो टंकही पेन ड्राइव्हवर घेतला. ओव्या, फोटो, ध्वनिमुद्रण आणि टंक, एवढेंच घेतलें; आज्ञावली एकही घेतली नाहीं, कारण किड्याचें बिऱ्हाड आज्ञावलींत असतें. मग शाळेच्या प्रयोगशाळेंत जाऊन आम्हीं त्याच्या दोन डीव्हीडी केल्या. अशा चकतीवर एकदां लिहिलेलें पुन्हां पुसतां येत नाहीं. म्हणून किडाही तिचें कांहीं बिघडवूं शकत नाहीं. एक चकती आईच्या लोखंडी कपाटांत गेली आणि दुसरी मामाच्या घरीं.

आतां मीं सरांना विचारलें, "सर, तें साधन चालवूं का?"

"आतां खुशाल चालव," ते म्हणाले. "परवां रात्रीं तूं जुगार खेळणार होतास. आज प्रयोग करणार आहेस."

साधन चालवितांना सरांनीं मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या अद्याप विसरलों नाहीं. पहिली गोष्ट त्याच वर्षींची होती. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकॅफी या नामांकित कंपनीच्या अँटीव्हायरसनें आपल्या नव्या यादीवरून विंडोज एक्स-पीची 'एस-व्ही-सी-होस्ट' नांवाची स्वतःची, अत्यंत आवश्यक अशी फाइल व्हायरस समजून धरली, आणि जगभरचे हजारों संगणक पुन्हां पुन्हां आपोआप बंद होऊन सुरू होऊं लागले. पहारेकऱ्यानेंच घरधन्याला चोर म्हणून डांबलें! दुसरी गोष्ट याहून जुनी. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकानें १९८४ सालच्या आपल्या निबंधांत गणितानें दाखवून दिलें कीं, कोणतीही आज्ञावली उपद्रवी आहे कीं नाहीं हें प्रत्येक वेळीं अचूक ओळखणारी रीति असूंच शकत नाहीं. "म्हणून," सर म्हणाले, "कोणतेंही साधन केव्हां ना केव्हां चुकणार. सौम्य साधन चुकलें तर चोर सुटतो. जालीम साधन चुकलें तर घरचें माणूस मरतें. कोणती चूक आपल्याला सोसेल, हें आधीं ठरवावें."

अर्ध्या तासानें संगणक पुन्हां सुरू झाला. मुखवटे गेले होते, टास्क मॅनेजर उघडत होता, चाल पूर्ववत् झाली होती. मला विलक्षण आनंद झाला. आई पुढें झाली, तिनें फाइल उघडली, ओव्या स्वच्छ दिसल्या. आणि तिनें एक अक्षर लिहिलें तों तें इंग्रजी उमटलें. मराठी कांहीं केल्या उमटेना! सरांनीं साधनाचा अहवाल काढून ओळीमागून ओळ वाचली, आणि एका ओळीवर बोट ठेवलें. आमची मराठी लिहिण्याची आज्ञावली साधनानें किड्याबरोबर उचलून नेली होती. तिचा अपराध काय? तर ती आई कळफलकावर जी कळ दाबील ती वाटेंतच झेलून तिचें मराठी अक्षर करीत असे. आणि दुसऱ्याचे परवलीचे शब्द चोरणारे हेरही दाबलेली कळ अशीच वाटेंत झेलतात. साधनाला हेर आणि लेखनिक यांतला भेद कळला नाहीं. सुक्याबरोबर ओलेंही जळतें तें असें.

परंतु या वेळीं कोणी घाबरलें नाहीं. साधनानें उचललेल्या वस्तु जाळल्या नव्हत्या, एका अडगळीच्या कप्प्यांत कोंडून ठेवल्या होत्या. अहवालांत त्यांचा पत्ता होता. सरांनीं आमची आज्ञावली तेथून सोडवून आणली. न सोडवतां आली असती तरी तिची मूळ चकती आईच्या कपाटांत होती, आणि यादींत ती 'मिळेल' या अंगाला लिहिलेली होती. तीच चूक दोन दिवसांपूर्वीं रात्रीं बारा वाजतां झाली असती, तर मी अहवाल वाचला नसता, आणि घाबरून आणखी कांहींतरी दाबलें असतें हें निश्चित.

या हकीकतीला आणखी एक शेपूट आहे, आणि तें मला विशेष बोधप्रद वाटतें. सर जातांना म्हणाले होते कीं, एकदां किडा शिरलेल्या संगणकावर पुरता विश्वास टाकूं नये. म्हणून नाताळच्या सुट्टींत आम्हीं त्या डीव्हीडी उघडून पाहिल्या, सर्व कांहीं वाचतां येतें याची खात्री केली, आणि संगणक सबंध पुसून विंडोज नव्यानें घातलें. म्हणजे दुकानदारानें सुचविलेलें फॉर्मॅटच आम्हीं शेवटीं केलें! त्याचा उपाय चुकीचा नव्हता; वेळ चुकीची होती. जें औषध दिवाळींत घेतलें असतें तर आईचें सहा वर्षांचें काम धुऊन गेलें असतें, तेंच औषध नाताळांत अगदीं निर्धास्तपणें घेतां आलें. मधल्या काळांत औषध सौम्य झालें नव्हतें. आम्हीं गमावण्यासारखें जें होतें तें त्याच्या आवाक्याबाहेर नेऊन ठेवलें होतें.

त्यानंतर पुष्कळ वर्षें गेलीं. कॉम्बोफिक्स आतां मागें पडलें. विंडोज १० वर तें चालतही नाहीं. विंडोजमध्यें आतां पहारेकरी घरचाच मिळतो, आणि विंडोज जागें होण्यापूर्वींच तपासणी करण्याची सोयही त्यांत आहे. पण चोरही पूर्वीचे राहिले नाहींत. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' या किड्यानें दीडशें देशांतील संगणकांवरच्या फाइली कुलुपांत घालून खंडणी मागितली. ज्यांच्याजवळ दुसरी प्रत होती त्यांना संगणक पुसून पुन्हां कामाला लागतां आलें. ज्यांच्याजवळ नव्हती त्यांच्यापुढें खंडणी देणें कीं माहितीवर पाणी सोडणें, एवढाच प्रश्न राहिला. आईच्या ओव्या मीं २०१९ सालीं युनिकोडमध्यें आणल्या. आतां त्यांना विशिष्ट टंकाची गरज उरली नाहीं. त्यांच्या तीन प्रती तीन ठिकाणीं आहेत. माढ्याच्या त्या आजींच्या ओव्या त्यांच्या नातीनें मागून नेल्या.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याही घरीं कधीं तरी असा प्रसंग येईल, आणि कोणीतरी मित्र रात्रीं एखादें रामबाण साधन घेऊन येईल. तें वापरूं नका, असें माझें म्हणणें नाहीं. वाळवी लागली असतां हात जोडून बसणें हेंही शहाणपणाचें नव्हे. पण बटणावर बोट ठेवण्यापूर्वीं एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा, आणि घरांतल्या वडील माणसांजवळ बसून तो भरा. दुसऱ्या अंगाला ज्या ओळी येतील त्या आधीं सुरक्षित जागीं नेऊन ठेवा. त्या रात्रीं 'नाहीं' दाबल्याची मला लाज वाटली होती. आज मला लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. ती यादी करीपर्यंत आईच्या त्या कप्प्यांत काय आहे हें मला ठाऊक नव्हतें.

तो रेघ मारलेला कागद आईनें अद्याप जपून ठेवला आहे. दर दिवाळीला घर झाडावयास काढलें कीं ती आधीं तो बाहेर काढते, आणि मला विचारते, "यंदाची यादी केलीस का रे?"